दिवाळीनंतरची जागा: सातारा जिल्ह्यातल्या एका गणित शिक्षिकेचे प्रकरण

शाळांची, गावांची आणि व्यक्तींची नावे वगळली आहेत. तारखा, रकमा आणि कागदपत्रांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळी मेख तिथेच आहे.

पार्श्वभूमी

शिक्षिका एम.एस्सी. (गणित), बी.एड., वय बत्तीस. पिंपरी-चिंचवडमधल्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेत चार वर्षे आठवी ते दहावीला गणित शिकवत होत्या. राज्य मंडळ, इंग्रजी माध्यम, हातात २५,००० रुपये. दर जूनला नवा आदेश आणि एप्रिलअखेर मुदत संपली, असा तिथला शिरस्ता होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये साताऱ्यात सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि घर साताऱ्याला हलवायचे ठरले. नवऱ्याला घरून काम करण्याची मुभा होती, शिक्षिकेला अर्थातच नव्हती. ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, त्यांनी राजीनामा दिला. शेवटचा दिवस २५ ऑक्टोबर ठरला. हातात नवी नोकरी नव्हती.

खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम ४० सांगतो की कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि अस्थायी कर्मचाऱ्याने एक महिन्याची नोटीस द्यायची. इथे महिना पुरा झाला नाही. शाळेने उरलेल्या आठ दिवसांचा पगार कापला आणि कार्यमुक्तीचे पत्र दिले. अनुभव प्रमाणपत्र मात्र 'दिवाळीनंतर बघू' म्हणून ठेवून दिले. ते हातात पडायला डिसेंबर उजाडला.

अडचण

जूनमधली जागा आणि नोव्हेंबरमधली जागा यांची जातकुळी वेगळी. जूनमध्ये शाळा माणूस शोधते तेव्हा तिच्यापुढे अख्खे वर्ष असते. नोव्हेंबरमध्ये कुणीतरी गेलेले असते, मुले वर्गात बसून असतात आणि दहावीचा वर्ग असेल तर पालक गेटपाशी येऊन उभे असतात. त्यामुळे वर्षाच्या मध्यात 'जागा आहे का?' एवढे विचारून भागत नाही. जागा का रिकामी झाली आणि ती किती दिवस रिकामी राहणार, हे विचारावे लागते. पगार, आदेशाचा मजकूर, पुढच्या जूनची आशा, सगळे त्या उत्तरावर ठरते.

कारणे मोजकीच असतात. प्रसूती रजा (अनुदानित शाळेत १८० दिवस), लांबलेले आजारपण, चांगली संधी मिळाली म्हणून दिलेला राजीनामा, आणि वैतागून दिलेला राजीनामा. निवृत्तीमुळे मध्येच जागा होईल असे अनेकांना वाटते, पण तशा जागा कमी निघतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लावून दिली, ती अख्खी पिढी ३१ मेला निवृत्त होत आली आहे.

त्यात २०२४ चे साल निवडणुकीचे. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, २० नोव्हेंबरला मतदान झाले. शिक्षक प्रशिक्षणाला, शिक्षण विभाग निवडणुकीच्या कामाला आणि काही संस्थांचे पदाधिकारी प्रचाराला. नेमणुकीच्या कागदावर सही करणारा माणूस जागेवर सापडणे हेच मोठे काम होते.

आणखी एक गाठ होती. सहावी ते आठवीला शिकवायचे तर शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर लागतो. शिक्षिकेने टीईटी दिली नव्हती आणि १० नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी अर्जाची मुदत त्यांच्या लक्षात येईपर्यंत निघून गेली होती. त्यामुळे खरा उपयोग नववी-दहावीच्या जागेचाच.

शोध कसा झाला

पुण्यातली नोकरी चालू असतानाच १९, २१ आणि २२ ऑक्टोबर असे तीन दिवस साताऱ्यात काढून सातारा, कोरेगाव आणि वाई या भागातल्या सोळा शाळांत जाऊन अर्ज दिले. वेळ अचूक होती. प्रथम सत्राच्या परीक्षा चालू असतात तेव्हा मुख्याध्यापक कार्यालयात सापडतात, आणि दिवाळीनंतर कोण येणार नाही हे त्यांना तोवर कळलेले असते. प्रसूती रजेची जागा तर कधीच अचानक रिकामी होत नाही. पोट दिसायच्या आधीपासून स्टाफरूमला माहीत असते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुख्याध्यापक निवांत भेटतात. एरवी मधल्या सुट्टीनंतर गेलेले बरे. परिपाठाच्या वेळी गेलेला उमेदवार बाकावर तासभर बसून परत येतो.

पहिल्या दिवशी दिलेला बायोडेटा दोन पानी, इंग्रजीत, वर 'करिअरचे उद्दिष्ट' वगैरे. तिसऱ्या शाळेतल्या लिपिकाने तो उलटसुलट करून विचारले, 'मॅडम, विषय कुठला?' त्या रात्री तो फाडून एक पानी मराठी अर्ज केला. पहिलीच ओळ: 'गणित, इयत्ता ८ ते १०, सेमी व इंग्रजी माध्यम. ११ नोव्हेंबरपासून रुजू होऊ शकते.' खाली शिक्षण, चार वर्षांचा अनुभव, फोन. बस्स. वर्षाच्या मध्यात मुख्याध्यापकाला विषय, माध्यम आणि तारीख एवढ्याच तीन गोष्टी हव्या असतात.

सोळापैकी नऊ ठिकाणी अर्ज फाइलला लागला, चार ठिकाणी 'जूनला या' असे सांगितले, उरलेल्या तिन्हींतून तेव्हा काही निघाले नाही. कामाची बातमी आली ती शालेय पुस्तकांच्या एका दुकानातून. प्रकाशनांचे प्रतिनिधी गाईड आणि स्वाध्याय पुस्तिका घेऊन जिल्हाभर फिरतात. कुठल्या शाळेत कुणाची बदली, कुणाची रजा, हे त्यांना शिक्षण विभागाच्या आधी कळते. कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या गणिताच्या बाई दिवाळीनंतर रजेवर जाणार, हे तिथे कळले. दुसरी जागा 'ऐक्य' दैनिकातल्या 'थेट मुलाखत' जाहिरातीतून, तिसरी ओळखीतून, चौथी तासगावकडच्या नातेवाइकांमार्फत आली.

कागदांची तयारीही याच आठवड्यात झाली. मूळ प्रमाणपत्रे एका फोल्डरमध्ये, स्वसाक्षांकित प्रतींचे पाच संच वेगळे. अनुभव प्रमाणपत्र अडकले होते, म्हणून चार वर्षांचे नेमणूक आदेश, पगार जमा झाल्याच्या बँक नोंदी आणि फॉर्म १६ जोडले. एकाही शाळेने हरकत घेतली नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या विद्यार्थी सुरक्षेच्या शासन निर्णयानंतर शाळा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागू लागल्या होत्या. मागची चार वर्षे पुण्यात राहिल्यामुळे पडताळणी दोन ठिकाणच्या पोलिसांकडून होणार होती, म्हणून अर्ज ऑक्टोबरातच ऑनलाइन केला. निवडणूक बंदोबस्तामुळे दाखला यायला तीन आठवडे गेले. नोकरी पक्की झाल्यावर अर्ज केला असता तर डिसेंबर असाच गेला असता.

समोर आलेले पर्याय

पाचगणीच्या निवासी शाळेचा पर्याय लवकर निकालात निघाला. २४,००० रुपये, राहणे-जेवण शाळेकडे. पण वसतिगृहाची रात्रपाळी आणि महिन्यातून एकच मोकळा रविवार. साताऱ्यात अंथरुणाला खिळलेला माणूस आणि पाच वर्षांची मुलगी असताना त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. शहरातल्या खाजगी क्लासचे संध्याकाळचे तासही असेच बाजूला पडले. सासऱ्यांच्या औषधपाण्याची वेळ तीच.

तासगावकडच्या पर्यायावर जरा थांबायला हवे, कारण दर दिवाळीला अशी माणसे भेटतात आणि दर दिवाळीला कुणीतरी फसते. अनुदानित शाळा, 'कायम जागा', गणित-विज्ञान. देणगी १४ लाख. निम्मी आता, निम्मी मान्यता आल्यावर. आदेश मागच्या तारखेचा मिळेल, असेही वर सांगितले. नातेवाइकांच्या मते ही लॉटरी होती.

अनुदानित शाळेतली जागा भरायची रीत अशी आहे. उमेदवाराने अभियोग्यता चाचणी दिलेली हवी, संस्थेने जागा शासनाच्या शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर जाहीर केलेली हवी आणि निवड तिथून व्हायला हवी. (चाचणीला सगळे 'टेट' म्हणतात आणि टीईटीशी गल्लत करतात. टीईटी ही पात्रता, टेट ही निवडीची परीक्षा.) त्यानंतर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) वैयक्तिक मान्यता देतात, आणि मग कोल्हापूरच्या उपसंचालक कार्यालयातून शालार्थ या शासकीय पगार प्रणालीतला आयडी मिळतो. आयडी नाही तर सरकारी पगार नाही. शिवाय ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरते. त्यात जागा टिकली तरी जिल्ह्यात त्या विषयाचा अतिरिक्त शिक्षक असेल तर समायोजनाने आधी तो येतो. अल्पसंख्याक संस्थांचे नियम थोडे वेगळे आहेत, पण ही संस्था त्यात बसत नव्हती.

शिक्षिकेने तीनच कागद मागितले: जागेची पवित्रवरची जाहिरात, चालू वर्षाची संचमान्यता आणि मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची, याचा तक्ता). उत्तर आले, 'ते सगळं आमचं आम्ही बघतो.' तिथेच विषय संपला. नातेवाईक महिनाभर नाराज होते. पुढे २०२५ मध्ये नागपूर विभागातले बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीला आले, तेव्हा ती नाराजी आपोआप विरली.

उरले दोन.

कराडजवळची सीबीएसई शाळा २७,००० देत होती. नववीचे गणित आणि वर सातवी-आठवीचे काही तास; टीईटी नसल्याचे 'चालवून घेऊ' म्हणाले. हे चालवून घेणे शिक्षकाच्या बाजूने कधीच नसते. उद्या काढायचे झाले तर कारण तयार असते. अट दोन वर्षांच्या बाँडची, एक महिन्याचा पगार अनामत आणि बी.एड.चे मूळ प्रमाणपत्र शाळेच्या कपाटात. मुलाखतीत शिक्षिकेने विचारले, 'ही जागा रिकामी का झाली?' प्राचार्य म्हणाले, आधीच्या मॅडमचे लग्न ठरले. बाहेर स्टाफरूमजवळ कळले की जूनपासून त्या जागेवर दोघीजणी येऊन गेल्या होत्या. वेळापत्रक मागितले तर आठवड्याच्या ४८ तासिकांपैकी ३८ या जागेच्या नावावर होत्या, शिवाय बस ड्युटी. सातारा ते कराड पन्नासेक किलोमीटर. शाळा आठला भरायची, म्हणजे सहाला घराबाहेर.

कोरेगाव तालुक्यातले हायस्कूल अनुदानित, सेमी इंग्रजी. नववी-दहावीच्या दोन-दोन तुकड्या, आठवड्याला २८ तासिका. रजेवर जाणाऱ्या बाईंचे १८० दिवस ११ नोव्हेंबरला सुरू होऊन ९ मेला संपणार होते. या जागेसाठी शासनाचा पैसा नव्हता. संस्था स्वनिधीतून महिना १४,००० देणार होती. अंतर २२ किलोमीटर, एसटी दारात. महिलांना अर्धे तिकीट असल्याने महिन्याचा प्रवास हजाराच्या आत. कराडचा हाच खर्च, फाट्यापासूनची शेअर रिक्षा धरून, तीन हजारांच्या घरात जात होता.

पाठ

२६ ऑक्टोबरला, शनिवारी, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी भेटायला बोलावले आणि खडू हातात दिला. '१० ब. अंकगणित श्रेढी चालू आहे. वीस मिनिटं घ्या.'

शिक्षिकेने भिशी घेतली. पहिल्या महिन्यात १०० रुपये, पुढे दर महिन्याला ५० वाढवायचे. दहाव्या महिन्यात किती भरणार? निम्म्या वर्गाने ५५० सांगितले. बरोबर. मग विचारले, दहा महिन्यांत एकूण किती जमले? त्याच निम्म्या वर्गाने पुन्हा ५५० सांगितले. दहावे पद आणि पहिल्या दहा पदांची बेरीज यांत मुले गडबडतात, हे कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला माहीत असते. पण त्यांनी सूत्र फळ्यावर मांडण्याआधी पहिला आणि दहावा हप्ता, दुसरा आणि नववा हप्ता अशा जोड्या लावून घेतल्या. प्रत्येक जोडी ६५० ची, जोड्या पाच, एकूण ३,२५०. सूत्र नंतर आले, तेही मुलांच्या तोंडून. शब्द इंग्रजीत, समजावणे मराठीत. सेमीच्या वर्गाला नेमके हेच हवे असते. इंग्रजी माध्यमातून आलेले पुष्कळ शिक्षक इथे अडखळतात, कारण ते समजावणेही इंग्रजीत करतात.

मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून होते. तास संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, 'एप्रिलपर्यंत थांबणार ना?' मध्येच आलेला माणूस मध्येच जाईल, ही भीती शाळेलाही असते.

निर्णय

कराडला महिन्याकाठी हातात राहणारे पैसे बरेच जास्त होते. नुसत्या आकड्यांवर निर्णय घेतला असता तर तो कराडचाच झाला असता. शिक्षिकेने कराडच्या शाळेला एक प्रस्ताव दिला: बाँड एप्रिलअखेरपर्यंतच, मूळ प्रमाणपत्र दाखवीन पण ठेवणार नाही. शाळेने दोन्ही नाकारले. मूळ कागद दुसऱ्याच्या कपाटात असताना जूनमध्ये कुठलीही मुलाखत देता येत नाही. साताऱ्यात जूनला चांगली जागा शोधायची असेल तर हातपाय मोकळे हवेत, हा विचार पगारापेक्षा जड ठरला.

हायस्कूलकडे त्यांनी पगार वाढवून मागितला, पण 'परवडत नाही' अशा सुरात नव्हे. माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला २०२३ पासून १८,००० मानधन आहे, तेवढे द्या, असे सांगितले. संस्था १६,००० वर आली.

मग सर्वांत अवघड टप्पा. ११ नोव्हेंबरला मुख्याध्यापकांचा फोन आला: 'उद्यापासून या, आदेश मागून होईल.' आदेशावर सही करायचे सचिव प्रचारात होते. शिक्षिकेने आदेशाशिवाय रुजू व्हायला नकार दिला. अनुभव प्रमाणपत्रासाठी एकदा पोळलेल्या माणसाचा हा नकार समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत मुलांनी दिली. २५ नोव्हेंबरपर्यंत दहावीच्या दोन्ही तुकड्यांना गणित मिळाले नाही. फक्त शिक्षिकेने पाठवलेल्या उदाहरणांच्या दोन याद्या विज्ञानाच्या सरांनी सोडवून घेतल्या. मधला मार्ग होता. मुख्याध्यापकांच्या सहीचे, तारीखवार आणि तासिकेच्या दराने 'अतिथी व्याख्यान' असे साधे पत्र. नेमणुकीचा अधिकार मुख्याध्यापकांना नसला तरी वर्गात कोण, कधी, किती तास होते याची नोंद त्यावर राहते. ते कुणाला सुचले नाही.

निवडणुकीचा निकाल शनिवारी, २३ तारखेला लागला. सोमवारी आदेश तयार होता. त्यात पद, विषय, इयत्ता, 'रजा जागेवर' हे शब्द, २५ नोव्हेंबर २०२४ ते ३० एप्रिल २०२५ ही मुदत आणि १६,००० रुपये बँकेत, हे सगळे होते. 'किंवा मूळ शिक्षिका रुजू होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते' ही ओळही होती. ती काढता येत नाही, कारण जागा मूळ शिक्षिकेची आहे. तिच्यापुढे 'एक महिन्याची लेखी सूचना देऊन' एवढे शब्द घालून घेतले. नियमावलीतल्या नियम २८ मध्ये अस्थायी कर्मचाऱ्यासाठी तसे आहेच, पण संस्थेच्या कार्यालयात नियम आठवण्यापेक्षा आदेश दाखवणे सोपे जाते.

ताबा घेणे

रजेवरच्या बाईंची टाचणवही, म्हणजे रोजच्या पाठाची नोंदवही, नीटनेटकी होती. तिच्यानुसार बीजगणितात श्रेढीच्या पुढच्या अर्थनियोजनाच्या प्रकरणापर्यंत झाले होते. शिक्षिकेने प्रत्येक तुकडीतल्या तीन मुलांच्या वह्या मागवल्या: एक हुशार, एक मध्यम, एक नेहमी गैरहजर. हुशार मुलीच्या वहीतही श्रेढीच्या सरावसंच ३.२ च्या पुढे काही नव्हते. टाचण पुढच्या तारखांचे लिहून ठेवलेले असते, हे सर्व शाळांतले उघड गुपित आहे, आणि त्यात बाईंना दोष देण्यासारखे फारसे नाही. मध्येच वर्ग घेणाऱ्याने वहीवरूनच सुरुवात करावी.

मग हिशेब मांडला. २५ नोव्हेंबर ते १८ जानेवारी कामाचे ४७ दिवस, २० जानेवारीपासून पूर्व परीक्षा. त्यातून स्नेहसंमेलनाचे चार, क्रीडा स्पर्धांचे तीन, सहलीचे दोन आणि संक्रांतीचा एक दिवस वजा. उरले ३७. आठवड्याला सात तासिका धरून प्रत्येक तुकडीला ४३ तास. राहिलेला भाग: श्रेढी ५, अर्थनियोजन ६, संभाव्यता ५, सांख्यिकी ९, भूमितीत निर्देशक भूमिती ६, त्रिकोणमिती ६, महत्त्वमापन ७. एकूण ४४. म्हणजे एक तास कमी आणि उजळणीला शून्य. त्या वर्षी दहावीची परीक्षाही लवकर, २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती.

हा कागद त्यांनी पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांसमोर ठेवला आणि आठवड्यातून तीन दिवस शाळेआधीचा जादा तास मागितला. डिसेंबरात तक्रार म्हणून मागितला असता तर मिळाला नसता. सुरुवातीला नियोजन म्हणून मागितला, लगेच मिळाला. पूर्व परीक्षेआधी १६ जानेवारीला भाग संपला.

चूक झाली ती नववीत. दहावीला वेळ पुरेना तेव्हा डिसेंबरात नववीच्या काही तासिका दहावीला वापरल्या. नववीची सांख्यिकी मार्चमध्ये चार तासांत उरकली. ती मुले जूनमध्ये दहावीत आली तेव्हा वारंवारता सारणीपासून शिकवावे लागणार होते, आणि ते काम रजेवरून परतलेल्या बाईंच्या वाट्याला आले.

परिणाम

३० एप्रिलला मुदत संपली, त्याच दिवशी तारखांसह अनुभव प्रमाणपत्र मिळाले. १३ मेला दहावीचा निकाल लागला. शाळेचा गणिताचा निकाल मागच्या वर्षाच्या तोडीचा होता. मार्च आणि एप्रिलचा पगार मात्र २९ मेला जमा झाला, तोही पाच-सहा फोन केल्यावर. स्वनिधीतून पगार देणाऱ्या संस्थेचे पैसे वर्षअखेरीला आटतात. आदेशात रक्कम लिहून घेतली होती, तारीख लिहून घ्यायची राहिली होती.

कराडच्या तुलनेत पाच महिन्यांत, प्रवासखर्च वजा जाता, साधारण ४५ हजार रुपये कमी मिळाले. हे नुकसान खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ज्या घरात तेवढ्या पैशांवर हप्ता अडतो, त्या घराने कराडचा पर्याय निवडला तर त्याला चूक म्हणता येणार नाही. फक्त मूळ प्रमाणपत्र देऊ नये.

मे महिन्यात शिक्षिकेने सातारा शहरातल्या दोन शाळांत मुलाखती दिल्या. दोन्हीकडे कोरेगावच्या मुख्याध्यापकांना फोन गेला. एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेने २६,००० वर, दोन वर्षांच्या परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) आदेश देऊन घेतले. ९ जूनला त्या रुजू झाल्या. दरम्यान २७ मे ते ५ जून या काळात झालेली अभियोग्यता चाचणीही त्यांनी दिली.

काय वेगळे करता आले असते

राजीनामा आणि शोध यांचा क्रम उलटा हवा होता. सासऱ्यांचे आजारपण सप्टेंबरच्या मध्यातले. तेव्हाच सोळा शाळांची फेरी मारली असती तर कोरेगावची जागा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कळली असती आणि नोटिशीचा महिना पुरा करता आला असता. आठ दिवसांचा पगार वाचला असता, आणि अनुभव प्रमाणपत्र अडवायला शाळेला निमित्त उरले नसते.

टीईटीचा अर्ज नववी-दहावीच्या शिक्षकानेही भरून ठेवावा. शुल्क भरून एक रविवार जातो, पण उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र आजन्म चालते. शिक्षिकेकडे ते असते तर कराडच्या मुलाखतीत त्यांचा हात बराच वर राहिला असता.

आदेशाच्या मजकुरात 'दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत' हे चार शब्द जायला हवे होते. आणि नववीच्या तासिका उसन्या घेताना परत कधी द्यायच्या हेही त्याच वहीत लिहायला हवे होते, जिथे दहावीचे ४४ तास इतक्या बारकाईने मांडले होते.

मेमधल्या मुलाखतीत दोन्ही शाळांनी विचारले, 'मागची शाळा पाचच महिन्यांत का सोडली?' शिक्षिकेने आदेशाची प्रत पुढे केली आणि 'रजा जागेवर' या शब्दांवर बोट ठेवले. दुसरा प्रश्न गणितावर आला.